निवू न दिलेली काच

बातमी आली तेव्हा मी चहाचं आधण ठेवलं होतं. फोन भास्कररावांचा, म्हणजे माझ्या मैत्रिणीच्या, कुंदाच्या, धाकट्या दिरांचा. "ताई, वहिनी गेल्या हो... सकाळी उठल्याच नाहीत." माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "भट्टी?" मग मी ओरडलेच, "भट्टीला हात लावू नका! विस्तव आहे तसा राहू द्या, मी निघालेच." मैत्रीण मेली आणि बाई भट्टीचं विचारते, हे त्यांनी नंतर येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवलं. ऐकवू देत. कुंदाला मात्र हाच प्रश्न पटला असता.

आम्ही दोघी तेव्हाच्या औरंगाबादला एका बाकावर बसून रसायनशास्त्र शिकलो. मी शाळेत ते शिकवत म्हातारी झाले, कुंदा लग्न होऊन शेंद्र्याला गेली. नवरा कारखान्यात कामाला, भला माणूस. एकदा आम्ही पैठणला गेलो होतो. मी पैठण्या बघत हिंडले आणि ही बया संग्रहालयातल्या जुन्या मडक्यांसमोर खिळून उभी. हजारो वर्षांपूर्वी गोदाकाठच्या कुणीतरी घडवलेली, फुगीर पोटाची, बारीक गळ्याची गाडगी, आणि शेजारी मूठभर काचेचे मणी. परतीच्या एसटीत म्हणाली, "हे मडकं काचेत केलं तर?" मी हसले. ती हसली नाही. काच फुगवायची फुंकनळी माहीत होण्याआधी लोक काचेची भांडी कशी करायचे, हे तिनं पुस्तकांतून हुडकून काढलं, नवऱ्यानं गोठा मोकळा करून दिला, आणि तिथं तिची भट्टी उभी राहिली. पुढं नवरा अचानक गेला, पण भट्टी थांबली नाही.

काच कुठली, तर फुटक्या बांगड्यांची. शहरातले शब्बीरभाई मणियार तिच्यासाठी पोती भरून ठेवायचे आणि चिडवायचे, "बाजी, लोगां फूटी चूडी घर में नै रखते, तुम बोरियां भर को लेजारे!" गावात तर कुजबुज चालायचीच, विधवा बाई अन् बांगड्या वितळवते म्हणून. कुंदा म्हणायची, "वितळवू नको तर काय गळ्यात घालू?" चिखल आणि शेण मळून सळईच्या टोकाला ती मडक्याच्या आकाराचा गाभा लिंपायची, त्यावर वितळलेल्या काचेची धार सूत गुंडाळावं तशी गुंडाळायची, आणि भांडं गार झालं की आतली माती कोरून काढायची. पण खरी परीक्षा त्या गार होण्याची. काच वरून निवलेली दिसते, आत धग असते. म्हणून भांडी शेजारच्या मातीच्या कोठीत ठेवून तिथला विस्तव गोवरी गोवरी कमी करत न्यायचा. घाई केली की तडा गेलाच. छोट्या सुरया, वाट्या तिला जमल्या होत्या, पण पैठणचं ते फुगीर गाडगं काही केल्या साधेना. वर्षानुवर्षं कोठी उघडावी आणि ठिकऱ्या काढाव्यात. मीच वैतागायचे, "सोड ना आता!" "तुला काय होतं?" म्हणून ती पुन्हा माती मळायला बसायची.

आणि आदल्या दुपारी तिचा फोन आला होता. "साधलं गं! हिरव्यावर निळा पट्टा, अंग कसं पातळ... कोठीत ठेवलंय. उद्या संध्याकाळपर्यंत निवेल. तू ये, दोघी मिळून उघडू." कोठी आम्ही नेहमी दोघींनीच उघडायची, हा तिचा हट्टच होता.

रिक्षानं शेंद्र्याला पोचले तर गोठ्यातून वाफ निघत होती. अंगणात बायका बसलेल्या, कुंदा घोंगडीवर निजलेली, आणि भास्करराव रिकामी बादली घेऊन उभे. "ताई, मयत घरात हाय. चूल सुद्धा पेटवली नाय आम्ही, अन् वहिनीच्या भट्टीत विस्तव? पाहुणे काय म्हणतील? इझवली मी." त्यांच्या स्वरात चूक केल्याची भावना नव्हती, उलट आपण रीत पाळली याचं समाधान होतं. भावकीतली एक म्हातारी मला हळूच म्हणाली, "कोठीवर पाणी ओतल्यावर आतून लई येळ टण् टण् वाजत हुतं बाई. कुंदाचा जीव घुटमळत असंल." मी तिथंच खाली बसले. कुंदासाठी रडले की त्या गाडग्यासाठी, मला अजून सांगता येत नाही.

भास्करराव वाईट माणूस नाहीत, हेच तर माझं दुखणं आहे. वाईट असते तर भांडून मोकळी झाले असते. भावजयीचं दुखलंखुपलं त्यांनी पाहिलं, तिला कधी घराबाहेर काढलं नाही, भट्टीसाठी गोवऱ्यासुद्धा आणून दिल्या. पण इतकी वर्षं एका अंगणात राहून गोठ्याच्या दारातून आत डोकावले नाहीत. ती काय करते, असं एकदाही विचारलं नाही. दिवसांना आलेल्यांपैकी एकानं भाषण ठोकलं, कुंदाताई कलेच्या उपासक होत्या म्हणे. तो गृहस्थ कधी गोठ्यात फिरकला नव्हता. मला उठून त्याच्या हातात ठिकऱ्यांचं घमेलं द्यावंसं वाटलं. माझी जीभ आवरली ती फक्त कुंदाच्या फोटोकडं बघून.

परवा पुन्हा गेले होते. गोठा धुऊन काढलाय, तिथं आता पुतण्याची मोटारसायकल असते. ओसरीवर कुंदाचा फोटो, त्याला हार, आणि खाली स्टुलावर काचेची नवीकोरी फुलदाणी, त्यात प्लास्टिकचे गुलाब. भास्करराव लगबगीनं पुढं आले. डोळ्यांत पाणी होतं, खोटं नव्हतं. "मुद्दाम काचेचीच आणली ताई, शहरातल्या मोठ्या दुकानातून. वहिनीला काचेचा लई नाद. दुकानदार म्हणला, आपटली तरी फुटायची नाय."

मी ती उचलली. जड होती, गुळगुळीत होती, अंगावरून साच्याची सरळ रेघ गेलेली. हातातून सोडून द्यावीशी वाटली. भास्करराव माझ्या तोंडाकडं बघत होते, आवडली का म्हणून.

"चांगली आहे," मी म्हणाले, आणि ती परत कुंदासमोर ठेवली.