चूर्णाच्या डब्यावर माझा फोटो

यकृतात ग्लुकोकायनेज नावाचं एक एन्झाइम असतं. जेवणानंतर रक्तात वाढलेली साखर पेशीत ओढून कामाला लावायची, हे त्याचं काम. मधुमेहात ते मंदावतं. त्याला जोर देणारी संयुगं मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत बनवते. वडवणीजवळच्या आमच्या गावात याचा अर्थ एवढाच पोचला, की ऊसतोड्याच्या पोरीनं शुगरचं औषध शोधलं.

गावच्या पुढाऱ्यानं सत्कार ठेवला. मी स्टेजवर चढले तेव्हा मागचा बॅनर दिसला. माझा फोटो, आणि शेजारी त्याच्या पुतण्याच्या ‘शुगरमुक्ती’ चूर्णाचा डबा. डब्यावरही मीच.

“माझा फोटो काढून टाका,” मी म्हणाले.

पुढारी हसला. “कावून? गावाचं नाव हुतंय की. गोळ्या सोडा, चूर्ण घ्या, एवढं बोल.”

मी माईक घेतला. “हे चूर्ण माझं नाही. माझं संयुग अजून परीक्षानळीतच आहे, ते औषध झालेलं नाही. कुणीही डॉक्टरांच्या गोळ्या सोडू नका.”

माईक बंद पडला; खरं तर कुणीतरी बंद केला. मी ओरडून बोलत राहिले. मामा स्टेजखालून हात जोडत होता, “उतर बाई, आमाला हितंच ऱ्हायचंय!”

तेवढ्यात आई उठली. तिला स्वतःला मधुमेह. मला वाटलं, आता तीही उतर म्हणणार.

“बोलू द्या तिला,” ती म्हणाली. “उसाच्या फडात मुकादमाचं लई ऐकलं. आता न्हाई.”

शाल-नारळ टेबलावरच राहिले. खाली उतरले तर एका बाईनं पिशवीतून चूर्णाचा डबा काढून दाखवला. हे घेतल्यापासून तिनं गोळ्या सोडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला दवाखान्यात नेलं. साखर भयंकर वाढली होती. गोळ्या परत सुरू झाल्या.

मामानं बोलणं टाकलं. चूर्ण अजून विकलं जातं, फक्त माझ्या फोटोशिवाय.

पुढं माझं ते संयुग बाद झालं. एन्झाइमला जोर देत होतं, पण यकृताच्या पेशी मरत होत्या. विषय बदल, असं मार्गदर्शकांनी सुचवलं. मी नाही म्हटलं आणि आईला फोन लावला.

“मंग दुसरं बनव की,” ती म्हणाली. “रडतीस कशाला?”

रडत नव्हते. दुसरं संयुग केव्हाच फ्लास्कमध्ये बनायला ठेवलं होतं.