डॉक्टरांच्या पुस्तकातली आमची मेंढरं

"ही हायडॅटिड सिस्ट आहे," डॉक्टर म्हणाले, आणि लगेच पुढं म्हणाले, "उद्या सकाळी मी हिच्यात सुई घालणार होतो. घातली असती तर तुमच्या जिवावर बेतलं असतं."

शेजारी आबा, म्हणजे माझे वडील, उभे होते. त्यांनी माझा दंड घट्ट धरला. सुई टळली ती आबांमुळं, आणि माझ्यापर्यंत आली होती ती माझ्या एका खोट्यामुळं. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर उपयोगी पडेल.

आमचं गाव परंडा तालुक्यात, सोनारीजवळ. घर धनगराचं. बहात्तरच्या दुष्काळात चारा संपला, मेंढरं गेली आणि आबा खडी फोडायच्या कामावर गेले. मी कसाबसा मॅट्रिक झालो. पुढं गावात दूध सोसायटी निघाली आणि मी तिचा सचिव झालो. अंगात टेरिकॉटचा शर्ट आला, खिशाला पेन आलं आणि डोक्यात हवाही शिरली. आबांच्या खांद्यावरची घोंगडी मात्र हलली नाही. एसटीत ती घेऊन ते शेजारी बसले की लोक नाकं मुरडतात, असं मला वाटायचं. एकदा मी तसं बोलूनही दाखवलं. तेव्हापासून ते गुमान माझ्या मागच्या बाकावर बसायचे.

सव्विसाव्या वर्षी मला खोकला लागला. उजव्या कुशीत सारखं दुखायचं. गावाकडच्या डॉक्टरांनी क्षय धरला आणि तीन महिने स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं दिली. मला बसायची पंचाईत झाली, खोकला जागचा हलला नाही. मग एक दिवस रुमालावर रक्त दिसलं. "आता सोलापूर," आबा म्हणाले, आणि आम्ही बार्शीवरून सोलापूर गाठलं.

एक्स-रेमध्ये उजव्या फुफ्फुसात पेरूएवढी गोल पांढरी सावली होती. डॉक्टरांच्या टेबलावर दोन जाडजूड इंग्रजी पुस्तकं होती. एक छातीच्या शस्त्रक्रियेचं, दुसरं रेडिओलॉजीचं, म्हणजे एक्स-रे वाचायच्या विद्येचं. माझा एक्स-रे उजेडावर धरून डॉक्टर पानं उलटू लागले. मी मनात म्हणालो, झालं! ज्याला पुस्तकात बघावं लागतं, तो माणूस माझी छाती काय उघडणार?

एका ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "घरी मेंढरं, कुत्री आहेत?"

बाजूला शिकाऊ डॉक्टर उभे होते, एक नर्स होती. मी शर्ट नीट केला. "छे, साहेब. मी सोसायटीचा सचिव आहे."

तसं बघितलं तर मेंढरं तेव्हा नव्हतीच, असं मी मनाला समजावलं. डॉक्टरांनी पुस्तक मिटलं. "मग पू तरी असेल, नाहीतर वाईट गाठ. परवा सुई घालून आतलं पाणी काढू आणि तपासू." वाईट गाठ म्हणजे कॅन्सर, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. मी कॉटवर येऊन पडलो. लग्नाला दोन वर्षं झाली होती, मुलगी पाळण्यात होती. तिचं तोंड डोळ्यांपुढून हलेना.

आबांना मी व्हरांड्यातच बसवलं होतं. कारण तेच, घोंगडी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टर वॉर्डातून बाहेर पडले आणि ती घोंगडी बघून तिथंच थांबले. माझी कॉट खिडकीजवळ होती, त्यामुळं मला सगळं ऐकू येत होतं.

"बाबा, मेंढरं आहेत का तुमची?"

"व्हती की, साहेब. तीन पिढ्यांची. दुस्काळात गेली."

"आत कोण आहे तुमचं?"

"ल्योक हाय. आठ नंबरला."

"कुत्रं होतं?"

"व्हय, खंड्या. लई गुणी. ह्यो पोरगा त्येच्या गळ्यात पडूनच वाढला. एका ताटात जेवायची दोघं."

डॉक्टर जवळजवळ पळतच आत आले, मागोमाग आबा. डॉक्टरांनी पुस्तक मागवलं, एक्स-रे शेजारी धरला. पुस्तकातलं चित्र आणि माझी छाती, डावंउजवं करता येऊ नये इतकी सारखी. सुरुवातीला सांगितलं ते बोलणं तेव्हाचं. मला ते एवढंच म्हणाले, "सचिवसाहेब, मी तुम्हाला विचारलं होतं." त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं.

हायडॅटिड सिस्ट म्हणजे कॅन्सर नव्हे. मेलेल्या मेंढराची आतडी-काळीज कुत्रं खातं, त्यातून त्याच्या पोटात बारीक जंत होतात. त्यांची अंडी कुत्र्याच्या केसांना चिकटतात, हाताला लागतात, तोंडात जातात. मग शरीरात पाण्याची पिशवी वर्षानुवर्षं गुपचूप वाढते. खंड्या दुष्काळातच मेला होता, पण त्याची ठेव माझ्या छातीत राहिली. ही पिशवी फोडायची नसते. पाणी आत सांडलं तर माणूस तिथंच कोसळू शकतो, आणि वाचला तरी नव्या पिशव्या उगवू शकतात.

आबा पुस्तकात डोकावले. "साहेब, ह्या विलायती बुकात आमची मेंढरं कशी आली?"

"तिकडंही मेंढपाळ आहेत, बाबा. त्यांनाही हा आजार होतो."

"मंजी तितंबी कुत्र्याला ताटात घेत्यात म्हना की!" आबा खुशीत हसले. मी दोन शिकाऊ पोरांपुढं लपवलेलं घर तिथं जाड अक्षरांत छापलेलं होतं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी डॉक्टर पुन्हा ते पान वाचताना दिसले. या खेपेला मला वाटलं, वाचा साहेब, अजून एकदा वाचा. मिठाच्या पाण्यात भिजवलेली फडकी भोवती ठेवून त्यांनी पिशवी काढली. नंतर मला बाटलीत दाखवली. उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखी होती. छातीतली नळी पाण्याच्या बाटलीत सोडली होती आणि तिच्यातून बुडबुडे यायचे. ते थांबले की नळी निघणार होती. आबा कॉटशेजारी बसून कळपावर ठेवावी तशी त्या बाटलीवर नजर ठेवून असायचे. सहाव्या दिवशी ओरडले, "थांबलं!" अख्ख्या वॉर्डानं ऐकलं. मी रडलो.

डॉक्टर पुस्तक उघडतात म्हणून घाबरू नका. त्यातला प्रश्न तुमच्यासाठीच असतो. घरात शेळ्या असोत, मेंढरं असोत, कुत्रं असो, विचारतील ते खरं सांगा. आणि कुत्र्याला हात लावला की हात धुवा.

घरी निघालो तेव्हा मी एसटीत खिडकीशी बसलो आणि आबा सवयीनं मागच्या बाकाकडं गेले.

"आबा, हितं बसा की," मी म्हणालो.

ते शेजारी येऊन बसले. परंड्यापर्यंत घोंगडी माझ्या टाक्यांना टोचत होती. मी सरकलो नाही.