खाडी ओलांडेपर्यंतचं गाणं

सुप्याच्या फाट्यावर पुण्याची एसटी दिसली तसं माझ्या बायकोने, मार्थाने, मला बाजूला ओढलं. "नीट बघा सगळं. मनाला पटलं न्हाई तर सरळ घेऊन या पोरीला. कुनाची भीड धरू नका."

"आणतो," मी म्हणालो आणि ते मनापासून म्हणालो होतो.

आमची धाकटी मुलगी करुणा धर्मशिक्षण संपवून पाळक झाली होती. तिची पहिली नेमणूक रत्नागिरीकडच्या दोन लहान मराठी मंडळ्यांत (चर्चच्या सभासदांना आम्ही मंडळी म्हणतो) मिशनरी म्हणून झाली होती. आमच्या भागात मिशनरी म्हणजे फोटोतली माणसं, हॅट घातलेली, समुद्रापलीकडून आलेली. आता आमच्याच घरातून एक समुद्राकडे निघाली होती. मी कारखान्याच्या गोदामात स्टोअरकीपर आहे. मोजून, तपासून घेतल्याशिवाय माल आत येऊ देत नाही. चर्च, खोली, माणसं, सगळं तसंच तपासायचं ठरवून मी तिच्याबरोबर गेलो.

दसरा जवळ आला होता. आमच्याकडे बाजरीची कणसं खुडून झाली होती. घाट उतरलो तर इथे भात अजून उभं, आणि भिंती, कौलं, दगडसुद्धा हिरवे. शहरात पोहोचल्यावर करुणा आधी समुद्रावर घेऊन गेली. मी चपला हातात धरून उभा राहिलो. आमच्या हंगा नदीला पाणी आलं तरी लोक पुलावर बघायला जमतात. हे पाणी तर संपतच नव्हतं, आणि पायाखालची वाळू ओढून नेत होतं. मी मागे सरलो.

"पप्पा, ते काही धरणार नाही तुम्हाला."

"तुझं तू सांग. पोहता येतं का तुला?"

"तुम्हाला येतं का?"

आमच्या सबंध घराण्यात कुणालाच येत नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. शहरातलं चर्च जांभ्या दगडाचं, कौलारू, आत ओलसर वास. उपासनेला अडतीस माणसं होती. त्यांतली निम्म्याहून अधिक माझ्यापेक्षा म्हातारी. अर्पणाची वेळ झाली आणि एक बाई पाटी घेऊन पुढे गेली. पाटीत केळीच्या पानावर ताजे बांगडे. वेदीसमोर मासे! मी बाकावर ताठ झालो. उपासनेनंतर ओसरीवर त्या माशांचा लिलाव झाला. आमच्याकडे हंगामाच्या सणाला असाच लिलाव होतो, पण धान्याचा. शेजारच्या आजींना मी तसं सांगितलं.

"आम्ही बाजरी आणतो, भुईमूग आणतो. कोंबड्यासुद्धा."

"जित्या कोंबड्या? चर्चात?" आजींनी तोंडाला पदर लावला. "अगो बाय! मग पाळकांनी उपदेश करायचा का कोंबड्यांनी?"

ओसरीवर हशा पिकला. करुणाही हसली. मला तिचं ते हसणं फारसं आवडलं नाही. एका दिवसात ती त्यांच्या बाजूची झाली होती.

तिची खोली चर्चच्या मागे होती. भिंतीला बुरशी, छताला एक पंखा. दाराची कडी मी दोन-तीनदा ओढून पाहिली.

"पप्पा, कडी धड आहे. तुम्ही मात्र तोडाल."

जेवायला कुळथाची पिठी (आमच्याकडचं हुलग्याचं पिठलं) आणि भात. एवढी एकच गोष्ट ओळखीची निघाली. भिंत रंगवून घेता येईल, असा हिशेब मी मनात मांडत होतो. तोवर दुसरी मंडळी पाहायची राहिली होती.

ती शहराबाहेर, खाडीच्या काठावर. सोमवारी सकाळी रिक्षाने पोहोचलो तर चर्चसमोर गर्दी. मंडळीतली सर्वांत वयस्कर बाई पहाटे वारली होती. नव्या पाळकबाई आल्यात हे कळताच तिचा मुलगा पुढे आला आणि करुणासमोर हात जोडून उभा राहिला. मोठा, होडीवर काम करणारा माणूस, डोळे सुजलेले. करुणाने पिशवीतून पांढरा झगा काढला, पिशवी माझ्याकडे दिली आणि झगा अंगात घातला. तिच्या हातून झालेला हा पहिला अंत्यविधी.

प्रार्थना झाली. शवपेटी उचलली. मी रस्त्याच्या दिशेने वळलो आणि बघतो तर सगळे धक्क्याकडे चाललेले. इथला काठ दलदलीचा, म्हणून दफनभूमी पलीकडच्या उंचवट्यावर. रस्त्याने पूल आहे, पण फार लांबून. आणि इथल्या लोकांना आपलं माणूस खाडीवरूनच न्यायचं असतं. पेटी होडीत ठेवली, मुलगा आणि पाच माणसं बसली. मग करुणा पेटीच्या उशाशी जाऊन बसली. होडीत आणखी जागा नव्हती. मी काठावर.

मला काय होतंय ते कळेना. माझी मुलगी, जी कधी शेततळ्यातही उतरली नव्हती, एका अनोळखी मृतदेहाबरोबर पाण्यावर निघाली होती.

इंजिन लावलं नाही, वल्ह्यांनीच निघाले. करुणाने होडीतून गीत सुरू केलं, आणि काठावरच्या बायकांनी ओळ उचलली. ती एक ओळ म्हणे, या पुढची. भजनात आमच्याकडे अशीच ओळ उचलतात. चाल ओळखीची होती, पण मी होडीकडेच बघत राहिलो. कालच्या आजी तिथे आल्या होत्या. त्यांनी कोपराने ढोसलं.

"गा हो पाव्हणे! पलीकडं टेकेपर्यंत गायचा असतां."

होडी खाडीच्या मध्यावर गेली. एक लाट आली, होडी कलली, आणि पांढरा झगा एका बाजूला झुकला. माझ्या तोंडून ओरड निघाली. "करुणा! परत ये! परत ये गं!"

सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. गाणं तुटलं.

आणि समोर वल्ही थांबली.

"काय केलात हो!" आजी म्हणाल्या. "गाणा थांबला म्हणजे मागून कोण सख्खा माणूस आला, तोंड बघायचा राहिला. मग होडी परत फिरवतात."

तोवर होडी आडवी झाली होती. सुकती (ओहोटी) लागली होती. बघता बघता पाणी तिला बाजूला घेऊन गेलं आणि ती चिखलाच्या उंचवट्यावर रुतली. इंजिनाचा पंखा चिखलात चालत नाही. थोड्या वेळात तिथे पाणीच उरलं नसतं, आणि आईची पेटी मुलाला सांजेपर्यंत खाडीच्या मध्यावर राखत बसावं लागलं असतं. माझ्यामुळे. सगळ्यांदेखत.

मला कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. कुणी दिली नाही.

माणसं होडीतून उतरली, कमरेएवढ्या चिखलात. ढकलू लागली. होडी हलेना. तेव्हा करुणा उठली. तिने झगा वर खोचला आणि तीही उतरली. माझे डोळे पांढरे झाले. कमरेपर्यंत चिखलात उभी राहून, होडीच्या कडेला खांदा लावून, तिने गीत पुन्हा सुरू केलं. आवाज कापरा होता, पण इथवर येत होता.

तिची ओळ संपली. पुढची ओळ काठावरून जायची होती. बायका अजून गोंधळलेल्या. मी तोंड उघडलं आणि गायलो. माझा आवाज बेसूर आहे, आमच्या मंडळीत मला बाजाच्या पेटीपासून लांब बसवतात. पण मी ओरडूनच गायलो. मग आजींनी सूर धरला, मग सगळ्यांनी. होडी सरकली. पलीकडच्या काठाला ती टेकली तरी मी गात होतो. आजींनी दंडाला धरून थांबवलं. "पोचली हो. पोचली."

मेलेल्या बाईच्या मुलाची माफी मागायला मी संध्याकाळी गेलो. तो म्हणाला, "चालायचंच. आईला खाडीतनं निघायची घाई कधीच नव्हती." आणि मला चहा दिला.

रात्रीच्या जेवणाला करुणाच्या नखांत अजून काळा चिखल होता. पिठीत भात कालवत ती म्हणाली, "गाणं थांबलं ना, तेव्हा होडीतले म्हणाले, मागे कुणीतरी सख्खं माणूस आलंय. मी म्हटलं, ते माझे पप्पा आहेत."

"मग?"

"मग त्यांनी विचारलं, फिरवायची का होडी?"

"तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"मी नको म्हणाले," ती म्हणाली, आणि माझ्या ताटात पिठी वाढली.

निघताना दाराची कडी मी एकदाही ओढून पाहिली नाही. तिच्या आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी तिच्या फळीवर ठेवली आणि एसटीत बसलो.

सुप्याला मार्था फाट्यावरच उभी होती. मी उतरलो. ती माझ्याकडे न बघता एसटीच्या दाराकडे बघत राहिली. दार बंद झालं, गाडी नगरकडे गेली.

"पोरगी कुठं हाय?"

"पलीकडं पोचली," मी म्हणालो. मग तिला सगळं सांगावं लागलं. घरापर्यंतची वाट अपुरी पडली, म्हणून ओट्यावर बसून सांगितलं. ती चिखलाच्या जागी रडली आणि कोंबड्यांच्या जागी हसली. "तुमी वरडला नसता," ती म्हणाली, "तर मी म्हटलं असतं, ह्यो बाप कसला?"

परवाच्या रविवारी आमच्या चर्चमध्ये तेच गीत निघालं. शेवटचं कडवं झालं, तबला थांबला, पेटी थांबली, पाळकांनी बायबल उघडलं. मी एकटा गात होतो. लोक वळून बघू लागले. मार्थाने मला कोपर मारलं नाही. तिने पदर सावरला आणि पुढची ओळ उचलली.