बी मेजुमाचा स्विस भाडेकरू

डियानीत समुद्राकाठी घर भाड्याने घेणाऱ्या प्रत्येक गोऱ्याची समजूत असते की आपण घर घेतलं. खरं तर घरच त्याला पदरात घेतं. सोबत माळी येतो, कुरकुरणारा पंप येतो, छपरावरची माकडं येतात आणि मागच्या खोलीत राहणारी बाई येते. बाकी सगळं त्या बाईच्या हुकमात असतं, माकडं सोडून.

माडाच्या झापांनी शाकारलेल्या त्या पांढऱ्या घरातली बाई म्हणजे बी मेजुमा. सगळं उकुंडा गाव तिला बी, म्हणजे बाईसाहेब, म्हणायचं, तिच्याहून चार पावसाळे जास्त बघितलेल्या बायासुद्धा. अंगाने ऐसपैस, चाल सावकाश आणि आवाज असा की दर्यात गेलेला मचवा वळून यावा. बावीस वर्षांत तिने नऊ भाडेकरू हाताखालून काढले होते. एका इटालियन बाईची माकडांना केळी भरवायची खोड तिने मोडली. मोडली म्हणजे काय, तर माकड बाईचा चष्मा घेऊन चिंचेवर जाऊन बसेपर्यंत ती गप्प राहिली आणि मग म्हणाली, बघ. एका इंग्रज जोडप्याला माडाखाली खुर्ची टाकून वाचत बसू नये हे शिकवलं. नवरा सांगून शिकला. बायकोच्या पुस्तकावर नारळ पडला तेव्हा तीही शिकली.

पण नववा गेला आणि घर आठ महिने रिकामं पडलं. मालकीण मिसेस वांबुगू नैरोबीला राहायच्या. त्यांनी फोन करून सांगितलं की शेजारच्या हॉटेलला गाड्या लावायला जागा हवीय, घर पाडायला ते आजही तयार आहेत. एक शेवटचा माणूस येतोय, स्वित्झर्लंडचा. महिनाभर राहून बघणार आहे. त्याने दोन वर्षांच्या करारावर सही केली तर तू आहेस तिथे राहा. नाही केली तर तुझी भांडीकुंडी बांधून ठेव. महिन्याच्या शेवटच्या दिवशी, रविवारी, मी हॉटेलवाल्याला घेऊनच येईन.

बी मेजुमाने फोन ठेवला आणि भांड्यांकडे बघितलं. बावीस वर्षांची भांडी. ती न्यायला एक टुकटुक रिक्षा पुरली नसती.

आलेला माणूस रेतो एबिशर. लांबट, गुलाबी, पासष्टीचा. आयुष्यभर त्याने डोंगरावर दोरीवरून जाणारे पाळणे तपासले होते. आल्या आल्या त्याने प्रत्येक दार तीनदा उघडलं, तीनदा मिटलं. व्हरांड्यात उभा राहून उड्या मारल्या आणि कान देऊन ऐकलं. मग वही काढून चमचे मोजले. माळ्याला वाटलं, पाव्हणा जरा सरकलेला आहे. बी मेजुमा म्हणाली, "सरकलेला नाय. घराची नाडी बघतोय. असा माणूस एकदा टेकला की हलत नाही."

तीन आठवडे झकास गेले. तो तिच्या हातचा नारळाच्या दुधातला भात दोनदा मागून घ्यायचा. पुस्तकातून स्वाहिली शिकायचा आणि सकाळी चिंचेच्या झाडालाही विचारायचा की रात्र कशी गेली. बी मेजुमाने मनातल्या मनात सही झालीच असं धरलं. तेवढ्यात म्साम्ब्वेनीला तिच्या भाचीचं लग्न निघालं.

ही थोरली आत्या. थोरल्या आत्याशिवाय मुलीच्या हाताला मेंदी लागत नाही, तिथे एक दिवस जाऊन तोंड दाखवून येणं चालत नाही. सात दिवस. माळी तिचाच दीर, म्हणजे तोही निघाला. जाण्याआधी तिने उकुंड्यात सगळ्यांना बजावलं. नळदुरुस्तीवाल्या चेंगोला सांगितलं की पंप खोकतोय, उद्यापासून बघून जा. मासेवाल्या म्वेरोला सांगितलं, रोज ताजा मासा. गॅसवाल्याला सांगितलं, टाकी संपत आलीय. रेतोलाही सांगितलं की सगळे येतील, काळजी नको, फाटक दिवसा उघडंच ठेव. आणि ती नवा छापील लेसो कमरेला गुंडाळून लग्नाला गेली.

शनिवारी दुपारी परतली तेव्हा व्हरांड्यात बांधलेली बॅग होती. शेजारी रेतो बसला होता. दाढीचे खुंट वाढलेले, अंगावर मिठाचा पांढरा थर, आणि वास म्हणाल तर बंदरावर वाळत घातलेल्या बांगड्यासारखा. पंपाने दुसऱ्याच दिवशी मान टाकली होती. चौथ्या दिवशी गॅस संपला. मासा तर दिसलाच नाही. माणूस बिस्किटं आणि शहाळी यांच्यावर जगला होता आणि समुद्रात आंघोळ करत होता.

त्याने वही उघडून दाखवली. सात रकाने, प्रत्येकात तीन ओळी: पंपवाला आला नाही, गॅसवाला आला नाही, मासेवाला आला नाही. मग अतिशय सभ्यपणे तो आपल्या पुस्तकी भाषेत म्हणाला, "घर चांगला. समुद्र चांगला. बी मेजुमा फार चांगला. पण इकडे लोक येतो सांगतात आणि येत नाहीत. मी उद्या जाणार."

बी मेजुमाने पिशवी होती तिथे टाकली आणि टुकटुक पकडून उकुंडा गाठलं. चेंगो दुकानाच्या फळीवर बसून कसाव्याचा भाजलेला कंद चहात बुडवत होता.

"मेल्या चेंगो," ती म्हणाली, "सात दिवस माझा माणूस कोरडा ठेवलास? माझ्या डोक्यावरचं छप्पर चाललंय, आणि तू कसावा खातोयस?"

चेंगोला ते लागलं. त्याने कप खाली ठेवला. "बी, उगाच बोलू नकोस हां. सातही दिवस गेलो. खांद्यावर पिशवी, हातात पाना. पायरीशी उभं राहून होदी म्हटलं. रोज तीनदा म्हटलं."

"मग?"

"मग काय? करिबू कोण म्हणतंय? आलो परत."

आता किनाऱ्यावर याच्यापुढे बोलणं खुंटतं. दुसऱ्याच्या दारात माणूस होदी म्हणून हाक देतो. आतून करिबू आलं, म्हणजे ये, की पाय उचलायचा. तीन हाका फुकट गेल्या तर समजायचं की घरचा माणूस नमाजात आहे, न्हाणीत आहे, नाहीतर त्याला आज आपलं थोबाड बघायचं नाही. निमूट मागे फिरायचं. त्यानंतरही आत शिरतो तो चोर, नाहीतर पोलीस.

"घरात नव्हता काय तो?" तिने विचारलं.

"होता की. व्हरांड्यातच पसरलेला असायचा. अंगावर ही एवढीशी चड्डी. मी होदी म्हटलं की मान वर करून म्हणायचा, हॅलो. मी म्हणायचो, हॅलो. तो हसायचा. मी हसायचो. मग मी तोंड फिरवून समुद्राकडे बघायचो, म्हटलं लुंगी गुंडाळायची असेल तर गुंडाळू दे. तो कसला गुंडाळतोय. मग दुसऱ्यांदा होदी. पुन्हा हॅलो."

"अरे, हॅलो म्हणत होता ना तो?"

"हॅलो म्हणजे दिसलास. ये कुठे म्हणाला? तूच सांग बी, माणूस उघडा पडलाय, ये म्हणत नाही, आणि मी हातात पाना घेऊन त्याच्या घरात घुसू? माझ्या आईने काय म्हटलं असतं?"

चेंगोच्या आईला बी मेजुमा ओळखत होती. तिने पुष्कळ काही म्हटलं असतं.

म्वेरोची कहाणी तीच. तो चार दिवस सुरमई घेऊन बर्फ वितळेपर्यंत उभा होता, पाचव्या दिवशी त्याने ती रागाने स्वतः खाल्ली. गॅसवाल्याने तर वेगळंच ताडलं होतं. दाढी वाढलेली, चूल थंड, कुणाला घरात घेत नाही, म्हणजे याचं जवळचं कुणीतरी गेलं. त्याने पायरीवरूनच फार वाईट झालं म्हटलं, गोऱ्याने आभार मानले, आणि गॅसवाला डोळे पुसत टाकी परत घेऊन गेला.

येताना टुकटुकमध्ये बी मेजुमा कुणालाच शिव्या देऊ शकली नाही. चूक तिची होती. बावीस वर्षं दारातल्या प्रत्येक हाकेला स्वयंपाकघरातून तिनेच ओ दिली होती. नऊ भाडेकरूंना माडापासून माकडापर्यंत सगळं शिकवलं, आणि हे एवढं सांगायचं तिच्या ध्यानातच आलं नाही. श्वास घ्यायला कोण शिकवतं?

घरी येऊन तिने बॅगेकडे बघितलंच नाही. रेतोला खुर्चीत बसवलं, स्वतः पायरीखाली गेली आणि हाक दिली. तो सवयीने हॅलो म्हणाला. ती पाठ फिरवून फाटकाबाहेर गेली. पाच मिनिटांनी परत आली. असं तीनदा झालं. मग तिने सगळा प्रकार उलगडून सांगितला.

रेतोचा चेहरा हळूहळू बदलत गेला. त्याला ती कामावर जाता जाता हॅलो करणारी शेजारची माणसं वाटली होती. "तीन वेळा?" त्याने विचारलं. "तीनच? हा नियम आहे? सगळ्यांना माहीत?" सगळ्यांना, बी मेजुमा म्हणाली, शेंबड्या पोरालासुद्धा. त्याने वही काढून नियम लिहिला, खाली दोन रेघा मारल्या. मग हिशेब केला की एका चेंगोनेच एकवीस होदी दिल्या आणि आपण एकवीस हॅलो. तो डोकं धरून बसला. पण बॅग काही त्याने सोडली नाही. म्हणाला, उद्या बघू.

रविवारी सकाळी आठला चेंगोची पहिली होदी आली. रेतो धावत आला. लुंगी त्याने काखेत बांधली होती, न्हाऊन आलेल्या बाईसारखी, आणि करिबू असा ओरडला की छपरावरची माकडं शेजारच्या हॉटेलात गेली. चेंगो आत शिरला. दहाला नळाला पाणी आलं. गॅसवाला आला, म्वेरो भला मोठा मासा घेऊन आला. इथवर ठीक होतं. पण माणसाला नवं हत्यार मिळालेलं. मशिदीच्या शाळेचे मास्तर छपरासाठी वर्गणी मागायला आले, त्यांना करिबू. वाळूतून आपल्या वाटेने चाललेले दोन कोळी, त्यांनी हाक दिलीच नव्हती, त्यांनाही करिबू. त्यांना बोलावलं तेव्हा तो जेवायला बसला होता. जेवणाऱ्याने करिबू म्हटलं की जाणारा नको नको म्हणून पुढे जातो, तेवढी समज सगळ्यांना असते. पण गोरा माणूस लुंगी सावरत पायऱ्या उतरून हाताला धरतोय म्हटल्यावर नको कुठल्या तोंडाने म्हणणार? बाराच्या सुमाराला व्हरांड्यात चौदा माणसं मांडी घालून बसली होती आणि बी मेजुमा तिसऱ्यांदा नारळ खवत होती. आता पुरे, असं तिने दारातून दोनदा सांगून बघितलं.

तेवढ्यात फाटकाशी गाडीचा भोंगा वाजला. मिसेस वांबुगू उतरल्या. मागे हॉटेलचा माणूस, हातात मोजायची टेप. बाईंना आपल्याच घरात हाक कसली द्यायची? त्या बूट वाजवत सरळ वर आल्या.

रेतो उठून उभा राहिला. हातात माशाची तुकडी.

"थांबा," तो म्हणाला. "इथे आधी हाक देतात."

"हे माझं घर आहे," मिसेस वांबुगू म्हणाल्या.

"महिना संध्याकाळी संपतो. तोपर्यंत माझा."

बी मेजुमाच्या हातातली करवंटी तशीच राहिली. संपलं, तिने मनात म्हटलं, आता सही गेली, खोली गेली, मोठं पातेलं दिराकडे ठेवावं लागेल. मिसेस वांबुगूंनी मास्तरांकडे बघितलं, निदान हा तरी काही बोलेल म्हणून. मास्तर भाताकडे बघत राहिले. शेवटी बाईंनी ओठ आवळले, वळल्या आणि पायऱ्या उतरल्या. टेपवालाही उतरला.

"होदी," खालून आवाज आला.

रेतोने तोंड उघडलं, आणि सुरमईचा काटा नेमका तेव्हाच घशात आडवा झाला. तो खोकला. चेंगोने एक बोट मिटलं.

"होदी." आता आवाजात धार होती. रेतोचा गुलाबी चेहरा जांभळा व्हायला लागला. चेंगोने दुसरं बोट मिटलं. घरधनी समोर असताना त्याच्या वतीने ओ देणं कुणाचंच काम नव्हतं, बी मेजुमाचंसुद्धा, त्यामुळे चौदा जण नुसते त्याच्या तोंडाकडे बघत होते.

तिसरी होदी आली आणि बी मेजुमाने रेतोच्या पाठीत असा धपका घातला की माड असता तर चार नारळ पडले असते. काटा उडाला, मागोमाग करिबू बाहेर पडलं.

मिसेस वांबुगू वर आल्या. मास्तर सरकले, कुणी ताट पुढे केलं. टेपवाल्याला काय होतंय ते कळायच्या आत त्याच्या मांडीवर टेप आणि हातात भाताचा घास होता. बाईंनी पहिल्या घासाला तोंड वाकडं केलं, दुसऱ्याला केलं नाही. मग विचारलं, की मिस्टर एबिशर, बॅग तर बांधलेली दिसतेय.

रेतोने डोळ्यांतलं पाणी पुसलं. "सात दिवस दार उघडा होता," तो म्हणाला. "मीपण उघडा होतो. माणसं रोज आली आणि एकही आत आला नाही. एवढा मजबूत कुलूप मी माझ्या देशात नाही बघितला. कागद द्या."

त्याने तिथेच सही केली. कागदाला माशाचं तेल लागलं म्हणून बाई कुरकुरल्या आणि तिसऱ्यांदा भात घेतला. हॉटेलच्या माणसाने टेप खिशात घातली. बी मेजुमा करवंटी घेऊन मागच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

संध्याकाळी तिने रेतोला उरलेला अर्धा नियमही सांगितला. प्रत्येक हाकेला ओ द्यायलाच हवी असं नाही. नकोसं वाटलं तर गप्प बसावं, येणारा आपला परत जातो. रागावत नाही? रेतोने विचारलं. नाही रागावत. त्याने तेही टिपून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चेंगो नळाचा राहिलेला वायसर घेऊन आला. रेतो व्हरांड्यातच होता, लुंगी नीट कमरेला. चेंगोने होदी म्हटलं. रेतोने पुस्तकातून डोकं वर काढलं नाही. दुसरी झाली. तिसरी झाली. बी मेजुमा स्वयंपाकघरातून बघत होती, तोंडाशी आलेला शब्द तिने गिळला. चेंगो खूश होऊन मान डोलावत परत गेला. माणूस तयार झाला, असं त्याने उकुंडाभर सांगितलं.

नळ टपटपत राहिला. बी मेजुमाने खाली बादली लावली. दोन वर्षं हातात होती, वायसरची काही घाई नव्हती.