फळीतली राणी

समस्त वसईकरांनो, एक अत्यंत गंभीर निवेदन: नव्वदच्या दशकात, भुईगावात, मी मुंगीशास्त्रज्ञ होतो. अवघी पाच मिनिटं!

तुटकं स्टूल घेऊन तिथल्या म्हाताऱ्या सुताराकडे गेलो होतो. त्याचं नाव मी कधी विचारलंच नाही. तो फणसाच्या फळीला रंधा मारत होता. फळीच्या भेगेत एक टपोरी काळी मुंगी दिसली, पाठीवर गळालेल्या पंखांच्या खुणा. खिशातलं भिंग काढून मी गर्जलो, "वाळवीची रानी! फळी जाळा!" त्याच्याच बोलीत, वर नाटकी हातवारे.

रंधा थांबला. "जाळू कशी? बायको काल गेली. तिला पुरायची पेटी हाय ही. चारला चर्चमदी मिस्सा."

मी भिंग खिशात घातलं. तो गुडघ्यांवर बसला, कानामागची पेन्सिल काढून त्याने मुंगीची कंबर दाखवली. "वाळवी कंबरेत जाड असते. ही बगा, दोऱ्यावानी. मुंगळ्यांची रानी. लाकूड खात नाय, पोखरून घर करते."

मुंगी पेन्सिलीवर चढली, तसा तो जपून अंगणातल्या आंब्यापाशी गेला आणि तिला खोडावर सोडताना एकदम बोलून गेला, "हितं ऱ्हा बाय, ते घर माझ्या बायकोचं हाय!"