वळणावरची पुढची ओळ

ज्ञानू लोखंड्याला देवानं थोडा खडकाळ माळ आणि जागा धरायची अक्कल दिली होती. माळात काही पिकत नव्हतं. अक्कल मात्र कुर्डुवाडीपासून माढ्यापर्यंत चालायची. कुस्त्यांचा फड असो, तमाशाचा तंबू असो, न्हायतर बैलगाड्यांच्या शर्यती असोत. ज्ञानू सगळ्यांच्या आधी जायचा, चिमूटभर माती वाऱ्यावर सोडायचा, डोळे बारीक करून सूर्याकडं बघायचा आणि मग खांद्यावरचं घोंगडं अंथरायचा. तिथं बसलेल्याच्या डोळ्यांत ऊन यायचं नाही, नाकात धुरळा जायचा नाही, आणि बैल उधळला तर पळायला वाट मोकळी असायची. माणसं त्याच्या घोंगड्याच्या कडेला चिकटून बसायची.

आणि अशा माणसाच्या पोरीच्या, मुक्ताच्या, लग्नात बसायच्या जागेवरनंच बिनसलं.

मुक्ताचा सासरा हिंदुराव. माढ्याकडचा, बोलायला कमी, फेटा बांधायला सगळ्यांत पुढं. त्याला पहिल्या पंगतीत पहिल्या पाटावर बसवलं होतं. पत्रावळीवर मीठ वाढून झालं आणि ज्ञानूचा मेव्हणा एका फौजदाराला घेऊन आला. म्हणाला, "पाव्हणं, जरा मागल्या वळीत सरका की." हिंदुराव उठला. मागल्या ओळीत बसून जेवला, भात दोनदा मागून घेतला. मग दिवाळसणाला मुक्ता माहेरी आली ती आलीच. न्यायला कुणी येईना. निरोप धाडला की उत्तर यायचं, "सवड न्हाय." शेजारच्या बाया मुक्ताला पाणवठ्यावर बघून एकमेकींना कोपर मारायला लागल्या.

गोजरबाई नवऱ्याला म्हणाली, "साऱ्या मुलखाला जागा धरून देता. व्याह्याचा एक पाट धरता आला न्हाय तुमाला."

"मी वाढत हुतो की तवा."

"बघाय माझा भाऊ हुता की तितं."

"त्योच तर उठवाय गेला."

गोजरबाईनं भाकरी तव्यावर जरा जोरात टाकली.

सोलापुरात गड्ड्याची जत्रा उरकली आणि गावात बातमी आली. शहराबाहेरच्या माळावर क्लबातले साहेबलोक मोटारींच्या शर्यती लावणार. बसायला फळ्यांचे चढत जाणारे ओटे, तिकीट काढून. हिंदुरावाला मोटारीचं वेड होतं हे सगळ्या माढ्याला ठाऊक होतं. सर्व्हिस मोटार दिसली की तो औत उभं करून बांधावर यायचा, आणि ती नदरेआड झाली तरी बैलांकडं वळायचा नाही. ज्ञानूनं निरोप धाडला, "शर्यती बघाय चला. जागा मी धरतो."

या खेपेला सवड होती. उत्तर आलं, "पुढची असंल तर येतो."

ज्ञानू आदल्या दिवशीच रेल्वेनं सोलापूर गाठून माळावर हजर झाला. तिथं त्याला ओळखीचा माणूस भेटला, गैबीसाब. टेंभुर्णी-कुर्डुवाडी मोटार हाकायचा. या दिवसांपुरता त्याला जागा दाखवायला ठेवला होता.

"तात्या, सरळ रस्त्याला बसू नका," गैबीसाब म्हणाला. "मोटार आली म्हणंस्तवर गेली. वळणावर बसा. तितं ब्रेक लावत्यात. मोटार बी दिसती, हाकणाऱ्याचं थोबाड बी दिसतं. पन वरच्या फळीवर बसा बरं का. बडे लोकां सगळे वरच बसणार."

"वर म्हंजे मागं?"

"वर म्हंजे वर."

"पुढं चार वळी माणसं बसली म्हंजे ते मागंच झालं, गैबीसाब. व्याह्याला मागं बसवू? परत?"

"अहो महाग जागा हाय ती!"

"महाग असू दे न्हायतर फुकट असू दे. मागं ते मागं."

गैबीसाबनं कपाळाला हात लावला. हिंदू असो की मुसलमान, व्याह्याचं दुखणं त्याला कळत होतं. त्याला स्वतःला तीन बहिणी होत्या.

ज्ञानूनं मग त्याचं काम सुरू केलं. चिमूट सोडली, वारा पाठीमागनं. ऊनही पाठीमागनं. वळणावर खड्डा पडला होता म्हणून तळ्यातला काळा गाळ आणून भरला होता, आणि धुरळा नको म्हणून वर पाणी मारलं होतं. ज्ञानूनं पायाचा अंगठा रोवला. अंगठा बुडला.

"ओल हाय," तो खूश होऊन म्हणाला. "धुरळ्याचं नाव नको."

बैल पळतो तो नाकासमोर. चिखल उडालाच तर मागं उडतो, मागच्या गाडीवाल्याच्या तोंडावर. बाजूला बसलेल्याला त्याचं सुखदुःख नाही. आयुष्यभराच्या शर्यतींनी ज्ञानूला हे शिकवलं होतं. आणि सर्व्हिस मोटार हाकणाऱ्या गैबीसाबला वळणावर कधी कुणी जोरात जाऊ दिलं नव्हतं, त्यामुळं त्यालाही यात काही वावगं दिसलं नाही.

शर्यतीच्या दिवशी हिंदुराव आला तो धुतलेलं धोतर, नवा अंगरखा आणि अबोली फेटा घालून. पुढच्या ओळीची फळी त्यानं उपरण्यानं झटकली. बसला. मग मान वळवून मागं बघितलं.

"त्यो मामलेदार काय वो?"

"व्हय."

"मागं बसलाय."

"व्हय की."

"बरं हाय," हिंदुराव म्हणाला.

एवढंच म्हणाला, पण त्या दोन शब्दांत ज्ञानूला मुक्ताची ट्रंक भरून झालेली दिसली.

बार उडाला. लांबनं मोठा आवाज उठला, आणि पहिली मोटार, हिरवी, वळणावर आली. तिनं तोंड वळवलं, पण बूड वळेना. बूड घसरत फळ्यांकडं आलं आणि चाकांनी अर्धी पाटी गाळ उचलून पुढच्या ओळीवर रिकामा केला.

हिंदुरावाचं उजवं अंग काळं झालं. डावं अजून लग्नाला जाण्यासारखं होतं.

पुढच्या ओळीत एकच पळापळ झाली. माणसं फळ्या चढून वर निघाली. ज्ञानूच्या तोंडून निघून गेलं, "पाव्हणं, उठा!"

हिंदुरावानं एक डोळा पुसला आणि त्या डोळ्यानं ज्ञानूकडं बघितलं.

"कुनाला उठवताय?"

"न्हाय, मीच उठत हुतो."

"बसा खाली."

ज्ञानू बसला. दुसऱ्या मोटारीनं हिंदुरावाचं डावं अंग माखलं. तिसरीनं ज्ञानूचं तोंड माखलं. ओळीत आता दोघंच उरले होते. ज्ञानूनं घोंगडं काढून व्याह्याच्या पुढं आडवं धरलं.

"काढा ते."

"डोळ्यांत जातंय की पाव्हणं. दिसतंय का काय तुमाला?"

"काय बी दिसत न्हाय. पन झाकून बसलो म्हनतील."

घोंगडं निघालं. फेऱ्यामागनं फेरा आला. वरनं कुणीतरी ओरडलं, "डोहात म्हसरं बसल्यावानी बसल्यात की वो!" आणि सगळे ओटे खदखदले. गैबीसाब हातवारे करून थकला, "तात्या, या अल्ला, वर या की!" हिंदुराव हलला नाही. फेट्यावरनं ओघळ खाली आला की मान तिरकी करायचा आणि ओघळ गेला की सरळ करायचा.

शर्यत संपली. क्लबातला एक साहेब मोटारीतनं ओट्यांपुढनं चालला होता. रिकाम्या ओळीत दोन काळ्या मूर्ती बघून त्यानं मोटार थांबवली आणि टोपी उचलली. हसत होता का नाही, ते टोपीमागं कळलं नाही. हिंदुरावानं बसल्या जागेवरनं रामराम घातला. मग तो उठला, स्वतःहून, सगळ्यांच्या शेवटी.

दोघं एका विहिरीवर गेले. ज्ञानू पाणी शेंदत होता आणि मनात पोरगी आणखी एक साल घरातच धरून चालला होता. हिंदुरावानं कानातला गाळ काढला.

"पैला कोन आला?"

"ठावं न्हाय."

"हिरवी असंल."

"असंल."

"मामलेदार शेवटपातुर बसला काय?"

"न्हाय. कोटावर शिंतोडा आला म्हनून मधीच उठून गेला म्हनं."

हिंदुराव बराच वेळ तोंड धूत राहिला.

"मंगळवारी पोराला धाडतो," तो म्हणाला. "मुक्ताला सांगा, तयार ऱ्हा म्हनावं. ओता आनखी पानी."

मंगळवारी जावई आला. ज्ञानूनं त्याला सोप्यात बसवलं आणि स्वतः उंबऱ्यावर दोन्ही हात दाराला लावून उभा राहिला. जावई जेवून, पान खाऊन, आपण होऊन उठेपर्यंत त्यानं घरात कुणाला पाऊल टाकू दिलं नाही. मेव्हणा भाचीला निरोप द्यायला आला होता. तो अंगणात उन्हातच बसून होता.