लोणावळ्यात भरदिवसा शोधलेला तारा

औंढ्याहून निघालो तेव्हा शेतातल्या उडव्या (कापलेल्या भाताच्या राशी) दवानं भिजलेल्या होत्या. दिवाळी नुकतीच सरली होती आणि कापणी ऐन भरात होती. अशा दिवसांत घरची बाई गाव सोडत नाही. मी तर एरवीही सोडत नाही. लोणावळ्याच्या बाजाराला गेले तरी कोणीतरी पुढं असतं आणि मी मागं.

या वेळी पुढं मनाली होती. ती माझ्या थोरल्या भाऊजींची मुलगी, पुण्यात ताऱ्यांचं शिकते. आदल्या दिवशी गावचा डीपी जळाला. लाईट गेली, मोबाईलची रेंज गेली आणि तिचा लॅपटॉप बंद पडला. नेमकी आजच ताऱ्यांचे रेडिओ-ठोके ऐकणारी मोठी दुर्बीण तिच्या वाट्याला आली होती. आकाशात लाखो ताऱ्यांचा एक दाट झुबका आहे. त्यात मनालीला मागं एकदा एक तारा ऐकू आला होता, एकदाच. तो आहे की नाही, हे तिनं आज बारा वाजायच्या आत कळवायचं होतं. नाही म्हटलं, की दुर्बीण दुसरीकडं वळवणार. मग तो झुबका पुन्हा कधी मिळेल, याचा भरवसा नव्हता.

भाऊजी विळ्याला धार लावत होते. तिच्याकडं न बघता म्हणाले, "कापनीला मानूस मिळंना, आन् ही चालली चांदनी हुडकाया."

मग काकूला सोबत ने म्हणाले. हेही त्यांनी मनालीलाच सांगितलं, मी दाराआड उभी असून. लग्न होऊन आल्यापासून मी भाऊजींशी समोरासमोर बोललेली नाही. तिसऱ्याच्या तोंडून निरोप द्यायचा, अशी आमच्या घरची रीत.

फाट्यावर जीप मिळाली ती फिरायला आलेल्या लोकांनी भरलेली. मी पुढं, मनाली मागं कोंबलेली. बाजारात पोलिसानं गाडी थांबू दिली नाही. थांबवा म्हणायला मी तोंड उघडलं, पण शब्द बाहेर येईना. मनालीच्या ध्यानात येईपर्यंत आम्ही भुशीच्या वाटेला लागलो होतो. तिथं धरणाच्या पायऱ्यांवर पाणी जेमतेम सुटलेलं, तरी लोक त्यात उभे राहून फोटो काढत होते. आम्ही उतरून मागं फिरलो आणि स्टेशनपर्यंत चालत आलो. मनाली मला एका शब्दानं बोलली नाही. त्यानं मला जास्तच लागलं.

स्टेशनासमोर एक चहाची टपरी होती. फोनला रेंज आली, पण लॅपटॉपला लाईट हवी होती. मनाली फोनवर दुर्बिणीवरच्या सरांशी बोलत होती. टपरीत प्लगचा एकच बोर्ड, त्याला थंड बाटल्यांचा फ्रिज लावलेला. मी पदर सावरत तिथं उभी राहिले. टपरीवाल्या आबांनी मला दोनदा बघितलं.

"मावशी, चहा घ्येनार का नुसती राखण करनार?"

एरवी मी तिथून निघून गेले असते. पण सकाळची जीप डोळ्यांपुढून हलत नव्हती. मी म्हटलं, "आबा, लाईट पायजे. बारा वाजायच्या आत एक तारा हुडकायचाय."

त्यांनी टपरीबाहेर डोकं काढून वर बघितलं. ऊन लख्ख पडलं होतं. "दिवसा?"

"त्यो दिसत न्हाई. आयकू येतो."

आबा आत वळले. मग फ्रिजची वायर काढत म्हणाले, "लावा. थंडीत कोन पितंय बाटल्या."

लॅपटॉप चालू झाला आणि फोनच्या रेंजवर दुर्बिणीनं ऐकलेलं त्यात उतरू लागलं. मनाली बाकावर, मी शेजारी. आम्ही तांदळाची भाकरी आणि कारळ्याची चटणी सोडली, आबांनाही दिली. तेवढ्यात घाट चढून एक गाडी आली. तिच्या मागचे बँकर (घाटात गाडीला मागून ढकलणारी इंजिनं) सुटले आणि बाजूला गेले.

मनाली म्हणाली, "काकू, माझा तारा त्या गाडीसारखाच. म्हातारा होऊन मंदावला होता. झुबक्यात गर्दी फार. तिथं त्याला एक जोडीदार मिळाला, आणि त्या जोडीदाराच्या अंगावरचा वायू ओढून घेता घेता याला पुन्हा वेग आला. आता एका सेकंदात शेकडो गिरक्या घेतो. प्रत्येक गिरकीला एक ठोका."

"मंग त्याचा बँकर सुटला का?"

"तिथंच तर घोडं अडलंय. तो सुटलेला नाही. दोघं एकमेकांभोवती फिरतात. हा आपल्याकडं येताना ठोके लवकर येतात, लांब जाताना उशिरा."

मग तिनं ठोके कसे लावतात ते दाखवलं. सगळे ठोके एकावर एक ठेवायचे, जशी लुगड्याची घडी काठाला काठ लावून घालतात. वेळ बरोबर धरली तर काठ जुळतो आणि पडद्यावर काळी उभी रेघ उमटते. चुकली तर नुसता करडा धुरळा.

धुरळाच होता. तिनं वेग बदलला, पुन्हा धुरळा. जोडीदारामुळं तो किती वेगानं येत असेल, याचा एकेक अंदाज ती घालत होती. आबा चहा ठेवून गेले, तो निवला. फोन वाजला. सर विचारत होते, सोडायचं का? ती म्हणाली, "थोडं थांबा." तिचा आवाज बारीक झाला होता. मला काही करता येत नव्हतं. मी फक्त कोणाचा पाय वायरीत अडकू नये म्हणून वायर धरून बसले.

मग धुरळ्यात एक फिकट रेघ दिसली. तिरकी, पिको सुटलेल्या काठासारखी. मनालीनं अंदाज जरासा सरकवला. रेघ उभी राहिली.

"सर, सोडू नका," ती फोनवर म्हणाली. "आहे."

आबांनी मागून वाकून बघितलं. "एवढीशी रेघ? ह्याच्यापायी माझा फ्रिज बंद?" आणि चहाचे पैसे घेतले नाहीत.

परतीची जीप रिकामी होती. मनालीनं वाटेत सांगितलं, तो झुबका या दिवसांत सूर्याच्या मागोमाग मावळतो आणि रोज चार मिनिटं लवकर उगवतो. औंढ्याच्या फाट्यावर मी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. मोठ्यानं.

उन्हं कलली होती. मनाली थेट मोरीत हातपाय धुवायला गेली. भाऊजी खळ्यातून आले, ओसरीवर टेकले आणि मोरीकडं तोंड करून त्यांनी विचारलं, "घावला का?" पाण्याच्या आवाजात तिला ऐकू गेलं नाही. मी दाराआड उभी होते. ते पुन्हा विचारतील म्हणून मी थांबले, पण ते नुसते हातातल्या विळ्याकडं बघत बसले. सकाळी काय बोललो ते त्यांच्या मनात असावं.

मी उंबऱ्याबाहेर आले.

"घावला," मी म्हटलं. "जोडीदारासकट."

भाऊजींनी मान वर केली. माझा आवाज त्यांनी इतक्या जवळून कधी ऐकलाच नव्हता. मग त्यांनी विळा खाली ठेवला आणि मलाच विचारलं, "कुटं हाय त्यो?"

मी सूर्य बुडत होता त्या बाजूला हात केला. "त्याच्याच मागं मावळतोय. उद्या जरा लवकर यील."